दोन आवाजांची गाठ कुठं घालायची?

पत्र, थोडक्यात : खानापूर तालुक्यातल्या एका गावातून २४ वर्षांच्या तरुणानं लिहिलं आहे. काकांची डॉल्बी आहे, एका पिकअपवर मावेल एवढी. हळद, वाढदिवस, गणपती, यात्रा अशा सुपाऱ्या असतात. काका गाडी आणि मशीन बघतात, हा लॅपटॉपवर बसतो. गाणी व्हर्च्युअल डीजे ह्या गाणी लावायच्या प्रोग्रामवर, दोन डेकच्या साध्या कंट्रोलरनं, म्हणजे लॅपटॉपला जोडलेल्या बटणांच्या पेटीनं. माईकसाठी काकांचा जुना आठ चॅनलचा मिक्सर आहे. दोन वर्षं हा रात्री घरी एफएल स्टुडिओ ह्या संगीत रचायच्या प्रोग्रामवर हलगीचे ठेके बसवतो आणि मराठी गाण्यांखाली, कन्नड जानपद म्हणजे लोकगीतांखाली घालून रीमिक्स करतो. लोकांना ते आवडतात. आता त्याला एफएल मिरवणुकीतच चालू ठेवायचं आहे. हलगी पॅडवर हातानं वाजवायची आणि तो आवाज व्हर्च्युअल डीजेतून बाहेर काढायचा. दोन्ही एकदम उघडली की एक गप्प बसतं. मित्राच्या सल्ल्यानं आभासी केबल, म्हणजे एका प्रोग्रामचा आवाज आतल्या आत दुसऱ्यात नेणारा प्रोग्राम, टाकली, साउंड कार्ड चालवणारे तीन-चार ड्रायव्हर टाकले. आवाज आला, पण दर चार-पाच मिनिटांनी ‘टक्’ होतं आणि पॅड दाबल्यावर हलगी मागून येते. एकदा हेडफोनच्या भोकातून थेट मिक्सरला जोडून पाहिलं, तर ‘हलगी वाजती, खालचा ठोकाच गायब’. गेल्या गणपतीत विसर्जनाच्या वाटेवर लॅपटॉप अडकला आणि सगळा आवाज गेला. काकांनी सांगून टाकलं, ‘रीमिक्स घरात कर, सुपारीत नको.’ जवळ ३५,००० रुपये साठलेत. प्रश्न असा : हप्त्यानं भारी लॅपटॉप घेऊ, ऑडिओ इंटरफेस (बाहेरून जोडायचं साउंड कार्ड) घेऊ, की एफएल बंदच करू?

तुझं पत्र दोनदा वाचलं. वयानं बराच लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेऊन बसलो आणि ‘एफएलचा आवाज व्हर्च्युअल डीजेत कसा आणू’ ह्या वाक्याखाली रेघ मारली. पत्रभर तू ‘कसा’ विचारला आहेस. मला आधी ‘कशाला’ विचारायचंय.

तो आवाज व्हर्च्युअल डीजेच्या आत कशाला जायला पाहिजे? तुला बाहेर डॉल्बीवर गाणं आणि हलगी एकत्र ऐकू यायला हवी, एवढंच ना? मग दोन आवाज एकत्र करायची वस्तू तुमच्या पिकअपवर वर्षानुवर्षं पडून आहे. काकांचा मिक्सर. आठ चॅनल, त्यातला एक माईकला जातो. माईकचा आवाज काय व्हर्च्युअल डीजेतून जातो? नाही ना. माईक थेट मिक्सरला, कंट्रोलर थेट मिक्सरला, तशीच हलगी थेट मिक्सरला. कॉम्प्युटरच्या पोटात दोघांचं लग्न लावायचा हट्ट तू धरलास आणि त्यातच वर्ष घालवलंस. ही चूक तू एकटा करत नाहीस. निपाणी, चिकोडीकडून जी पत्रं येतात त्यातही हेच असतं, म्हणून जरा लांबण लावून लिहितो.

आधी दुखणी वेगळी करू. तुला वाटतं लॅपटॉप खराब आहे. मला तुझ्या पत्रात चार निरनिराळे आजार दिसतात आणि त्यातल्या तिघांचा लॅपटॉपच्या ताकदीशी काही संबंध नाही.

पहिला, एक प्रोग्राम गप्प बसणं. तुझ्या कंट्रोलरच्या आत साउंड कार्ड आहे आणि व्हर्च्युअल डीजे त्याच्याशी आसिओ ड्रायव्हरनं बोलतो. आसिओ ही स्टाईनबर्ग कंपनीनं १९९७ च्या सुमारास काढलेली पद्धत. विंडोजचा मधला पसारा टाळून प्रोग्रामनं थेट कार्डाशी बोलावं, म्हणजे उशीर कमी होतो, हा तिचा हेतू. पण थेट बोलणं म्हणजे एकट्यानंच बोलणं. बहुतेक आसिओ ड्रायव्हर एका वेळी एकाच प्रोग्रामला आत घेतात. काही महागड्या कार्डांचे ड्रायव्हर दोघांना घेतात, साध्या कंट्रोलरचे सहसा घेत नाहीत. एसटीतल्या खिडकीसारखं आहे, पहिला बसला की बसला. मग तू आसिओ-फोर-ऑल हा कुठल्याही कार्डाला चालणारा ड्रायव्हर टाकलास. तोही कार्ड स्वतःकडे ओढून घेतो. म्हणजे भांडण तेच राहिलं, भांडणारा बदलला.

दुसरा आजार, ‘टक्’. हे तू फार नीट लिहिलं आहेस, ‘दर चार-पाच मिनिटांनी एकदा’. सतत तडतडलं असतं तर मी म्हणालो असतो की बफर, म्हणजे आवाज क्षणभर साठवायची बादली, फार लहान ठेवलास, किंवा प्रोसेसर दमतोय. ठराविक वेळानं एकच टक् म्हणजे दोन घड्याळांचा वाद. तुझ्या कंट्रोलरमधलं कार्ड सेकंदाला ४४,१०० नमुने स्वतःच्या स्फटिकावर मोजतं. आभासी केबलला असलं हार्डवेअर नसतं, ती कॉम्प्युटरच्या वेळेवर मोजते. दोघं ४४,१०० च म्हणतात, खरं दोघांची ४४,१०० अगदी एक नसतात. समज दहा लाखांत ५० चा फरक आहे. म्हणजे सेकंदाला सव्वादोन नमुने एकाचे जास्त. ५१२ नमुन्यांची बादली असेल तर सुमारे २३० सेकंदांत, म्हणजे पावणेचार मिनिटांत, ती एकतर सांडते नाहीतर रिकामी होते, आणि टक्. तुझ्या चार-पाच मिनिटांशी हे जुळतं. लाखाचा लॅपटॉप आणलास तरी हा टक् येणार, कारण त्यात चूक कुणाचीच नाही.

तिसरा, हलगी मागून येणं. ५१२ चा बफर म्हणजे जवळजवळ साडेअकरा मिलिसेकंद. एफएलमधून निघताना एक बफर, केबलमधून व्हर्च्युअल डीजेत शिरताना एक, तिथून कार्डावर जाताना एक. तीन झाले की ३५ मिलिसेकंदांच्या आसपास. आवाज हवेत एका मिलिसेकंदाला साधारण ३४ सेंटीमीटर जातो. म्हणजे तू जणू बारा मीटर लांब उभ्या हलगीवाल्याची थाप ऐकतोयस. समोर नाचणाऱ्याला फरक कळत नाही, वाजवणाऱ्याला लगेच कळतो. मग तो नकळत घाई करतो आणि ठेका धावायला लागतो. सराव कमी पडतोय असं तू लिहिलंस, ते मला पटत नाही.

चौथा आजार सगळ्यात स्वस्त आणि माझ्या आवडीचा. ‘हलगी वाजती, खालचा ठोकाच गायब.’ तुझ्या मित्राची केबल कसली होती ते मी इथं बसून सांगतो. एका टोकाला ईपी, म्हणजे हेडफोनची स्टिरिओ पिन, दुसऱ्या टोकाला एकच कॅनन (माईकची तीन काड्यांची पिन) नाहीतर एकच मोठी स्टिरिओ पिन, आणि ती मिक्सरच्या माईक-लाईनच्या बॅलन्स्ड भोकात. बॅलन्स्ड भोक दोन तारांमधला फरक तेवढा ऐकतं. तू एका तारेवर डावा आवाज दिलास, दुसऱ्या तारेवर उजवा. मधोमध ठेवलेला ठोका आणि बेस दोन्हीकडे सारखा असतो. सारख्यातून सारखं वजा केलं की उरतं शून्य. हलगी तू एका बाजूला सरकवली होतीस म्हणून ती वाचली. गायकाचा आवाज पण पातळ झाला असणार, आठवून बघ. हे असं होतं हे मी गाडीभर स्पीकर उघडून शोधल्यावर शिकलो. तू केबल बदलून शीक.

म्हणून पहिलं काम. दुकानात जाऊन ईपी-टू-दोन-पी-थर्टीएट केबल माग. एका बाजूला हेडफोनची पिन, दुसऱ्या बाजूला दोन मोनो मोठ्या पिना. लांबी दोन-तीन मीटर, जास्त नको. दोन पिना मिक्सरच्या दोन लाईन चॅनलला, किंवा स्टिरिओ चॅनल असेल तर त्याच्या डाव्या-उजव्याला. व्हर्च्युअल डीजे कंट्रोलरच्या आसिओवर राहू दे. एफएलमध्ये ऑडिओ सेटिंगला जाऊन एफएल स्टुडिओ आसिओ निवड आणि त्याच्या पॅनलमध्ये आउटपुट म्हणून लॅपटॉपचं स्वतःचं हेडफोन कार्ड निवड. आता दोघांची कार्डं वेगळी, त्यामुळे भांडणाला कारण नाही. दोन घड्याळं वेगळी राहिली तरी बिघडत नाही, कारण गाठ तारेवर पडते, नमुने मोजण्याचा प्रश्नच येत नाही. आभासी केबल काढून टाक. सगळा खर्च एका केबलचा.

ही जोडणी घरी चालली आणि तुला आवडली, तरच इंटरफेसचा विचार कर. दोन आत, दोन बाहेर असलेला साधा यूएसबी इंटरफेस पुरे, त्याचा स्वतःचा आसिओ ड्रायव्हर असला म्हणजे झालं. मग एफएल १२८ किंवा २५६ बफरवर चालेल, म्हणजे तीन ते सहा मिलिसेकंद, आणि हलगी बोटाखाली आल्यासारखी वाटेल. त्याचे आउटपुट बॅलन्स्ड असतात, लॅपटॉपच्या भोकासारखी खरखर येत नाही. हप्त्यानं लॅपटॉप नको. ३५,००० मधला थोडा भाग लागेल, बाकीचे ठेव.

खरखरीवरून आठवलं. चार्जर लावला की घूं आवाज येतो आणि काढला की जातो, असं झालं तर तो अर्थिंगचा घोळ असतो. जनरेटरवर फार होतो. कुणीतरी नक्की सांगेल की चार्जरची तिसरी पिन तोडून टाक. तोडू नकोस. पावसात भिजलेल्या पिकअपवर, लोखंडाला हात लावून उभा असताना, ती पिन जीव वाचवायला असते. लॅपटॉप आणि मिक्सर एकाच बोर्डावर घे, तरी राहिलं तर मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स घाल. त्यातून आवाज जातो आणि जमिनीची वाट तुटते.

आता दुसरं गृहीत. त्याला हात लावताना जरा जपून लिहितो, कारण तिथं तुझं मन गुंतलंय.

तुला एफएल ‘लाइव्ह’ हवंय. त्यातलं लाइव्ह नेमकं किती? तू पाठवलेली यादी बघितली. बेसलाइन घरी ठरलेली. ठेक्याचे चार लूप, म्हणजे फिरून फिरून वाजणारे तुकडे, घरी ठरलेले. मधला ब्रेक, त्यावरची शिट्टी, सगळं ठरलेलं. मिरवणुकीत तू फक्त कधी सोडायचं ते ठरवतोस. हे सगळं वेव्ह फाइल म्हणून बाहेर काढ आणि व्हर्च्युअल डीजेच्या सॅम्पलरमध्ये, म्हणजे बटण दाबलं की ठरलेला तुकडा वाजवणाऱ्या भागात, टाक. लूप गाण्याच्या वेगाला आपोआप बांधले जातात, पॅड तुझ्या कंट्रोलरवर आहेतच, आणि उशीर एकाच बफरचा. दुसरा प्रोग्राम उघडायचीच गरज नाही. आठ फाइलींनी तुझ्या गरजेचा मोठा वाटा भागेल आणि लॅपटॉप अडकायची भीती तेवढीच कमी होईल.

उरतं काय? हात. तुझ्या पत्रातलं एकच वाक्य मला खरोखर आवडलं, ‘मशीनची हलगी एकाच जोरानं वाजती, माणसाची तशी वाजत नाही.’ अगदी बरोबर. हलगीवाल्याच्या एका हातात जाड टिपरू असतं, दुसऱ्यात बारीक काडी. जाडीचा ठोका लोकांना नाचवतो, बारकीचं कुरकुरणं ठेका पुढं ढकलतं. बारकी काडी कधी सारखी पडत नाही. कातडं सैल पडलं की तो जाळ करून हलगी शेकवतो आणि शेकल्यावर तिचा बोल बदलतो. हे सॅम्पलरमध्ये बसत नाही, कारण साध्या कंट्रोलरच्या पॅडला बहुधा जोर कळत नाही, दाबलं की दाबलं. एफएलला जोर कळणारं छोटं मिडी पॅड (स्वतः न वाजता कॉम्प्युटरला वाजवायचे इशारे देणारं) लावलंस, हळू-मध्यम-जोरात असे तीन वेगळे ठोके भरलेस आणि बारक्या काडीचे चार-पाच निरनिराळे आवाज आलटून-पालटून ठेवलेस, तर एफएल चालू ठेवण्यात अर्थ आहे. तेवढ्यासाठीच. म्हणजे एफएलमध्ये फक्त ते एक वाद्य ठेव, बाकी प्लगइन काढ. एकाच वाद्याचं एफएल तुझा आजचा लॅपटॉप सहज ओढेल. आणि एक आगाऊ सल्ला : तुमच्या भागात खरा हलगीवाला असेलच. त्याच्याजवळ एक दुपार बस, पैसे देऊन, विचारून, त्याचे ठोके रेकॉर्ड कर. नेटवरून उतरवलेले तेच तेच आवाज आता अथणीपासून कारवारपर्यंत सगळ्यांकडे आहेत.

लयीचं मात्र वेगळं बोलायला पाहिजे. आवाज जोडला म्हणजे लय जोडली असं होत नाही. तार आवाज नेते, वेग नेत नाही. हातानं वाजवणार असशील तर कान पुरे. पण एफएलमधला लूप गाण्याबरोबर चालवायचा असेल तर दोघांचं टाळी-खाली एक हवं. त्यासाठी मिडी क्लॉक असतं, ते वेगाचे इशारे देतं, चौथाईच्या एका नोटला २४ टिक्. २०१६ पासून एबलटन ह्या संगीत-प्रोग्रामवाल्या कंपनीचं लिंक आहे, ते नेटवर्कवरून वेग आणि ठोक्याची जागा दोन्ही जुळवतं. त्यातून आवाज जात नाही, हे लोक विसरतात. ट्रॅक्टर, सेराटो, रेकॉर्डबॉक्स ह्या डीजे प्रोग्रामांत लिंक आहे. तुझ्यासाठी मी दोन्ही टाळीन. ज्याला वेगाला बांधून हवं ते सॅम्पलरमध्ये, ज्याला हात हवा ते एफएलमध्ये, एवढी वाटणी कर.

शिवाय सॉफ्टवेअरला आपले ठेके नीट मोजता येत नाहीत. दादऱ्याच्या सहा मात्रांच्या अंगानं जाणारं गाणं त्याला दे, ते दीडपट किंवा दोन-तृतीयांश वेग दाखवून मोकळं होतं. १४४ च्या जागी ९६. त्या आकड्यावर लूप बांधलास की सगळं लंगडतं. जानपद गाण्यांत तुला हे वारंवार दिसेल. वेग हातानं टॅप करून घाल आणि जपून ठेव.

पातळीबद्दल दोन शब्द. दोन ठोके बरोबर एका क्षणी पडले तर आवाज सहा डेसिबलपर्यंत चढतो, आणि तो चढ मिक्सरच्या लाल दिव्यात आणि बेस स्पीकरच्या पडद्यात जातो. म्हणून एफएलच्या मास्टरवर सहा डेसिबलची जागा मोकळी सोड. हलगीतलं १०० हर्ट्झच्या खालचं एफएलमध्येच कापून टाक. हलगीला तिथं काही बोलायचं नसतं आणि गाण्याच्या ठोक्याला ती जागा लागते.

आता आभासी केबलला मी अगदीच मोडीत काढली असं नको. मिरवणूक थेट फेसबुकवर दाखवायची आहे, किंवा रात्रीचं सगळं मिश्रण एफएलमध्ये रेकॉर्ड करायचं आहे, तर ती कामाची. विंडोजवर व्हीबी-केबल आहे. ती नुसती तार. तिच्याच लोकांचं व्हॉइसमीटर म्हणजे अख्खा मिक्सर, त्यात निरनिराळ्या घड्याळांना सांधायची सोय असते, त्यामुळे टक् बराच आवरतो. मॅकवर ब्लॅकहोल टाकतात आणि ऑडिओ मिडी सेटअपमध्ये दोन कार्डं एकत्र करून ‘ड्रिफ्ट करेक्शन’ला खूण करतात. ती खूण विसरली की तिथंही तुझाच टक्. सगळीकडे एकच दर ठेवायचा, ४४,१०० तर ४४,१०० च. एकीकडे ४८,००० राहिला आणि मधे कुणी बदलून घेतला नाही, तर गाणं पेटीवरच्या जवळजवळ दीड पट्टीनं चढतं, आणि गायक एकदम पोरगा होतो. एफएलचं इनपुट आणि आउटपुट दोन्ही एकाच आभासी केबलवर ठेवू नकोस. आवाज स्वतःच्या शेपटीमागं धावतो आणि किंचाळतो.

कंपन्यांनीही हा संसार मांडून पाहिला होता. एका प्रोग्रामचा आवाज दुसऱ्यात न्यायला १९९८ मध्ये रीवायर निघालं, २०२० च्या शेवटी बंद केलं. २०१० मध्ये सेराटो आणि एबलटननं मिळून ‘द ब्रिज’ आणला, तोही पुढं गुंडाळला. दोन मोठे प्रोग्राम एका छताखाली नांदवणं त्यांनाही सोपं गेलं नाही, तेव्हा तू स्वतःला फार बोल लावून घेऊ नकोस.

विसर्जनाच्या रात्रीबद्दल. काकांचं म्हणणं मला रास्त वाटतं. सुपारी त्यांच्या नावावर आहे, मंडळाला तोंड तेच देतात. माझी एक फजिती सांगतो. बेळगावातल्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत एका मंडळाच्या जिवंत देखाव्याचं निवेदन मी लॅपटॉपवरून लावत होतो. पहिलंच वर्ष लॅपटॉपचं. मारुती गल्लीत गाडी थांबली, अफजलखानाच्या भेटीचा प्रसंग, लोक श्वास रोखून उभे, आणि डॉल्बीतून ‘टिंग’. बॅटरी कमी असल्याची घंटा. महाराज झालेल्या पोराला हसू आवरेना. त्या रात्रीपासून माझ्या लॅपटॉपवर विंडोजचे सगळे आवाज बंद आहेत आणि वायफायसुद्धा. तूही कर : विंडोजचा डीफॉल्ट आवाज कंट्रोलरवर आणि एफएलच्या कार्डावरही ठेवू नकोस, अपडेट थांबव, पॉवर ‘हाय परफॉर्मन्स’वर ठेव, कंट्रोलर आणि पॅड हबमधून न जोडता लॅपटॉपला थेट जोड.

एक अवघड गोष्ट विचारतोच. एफएल आणि व्हर्च्युअल डीजे क्रॅकचे, म्हणजे कुलूप तोडून फुकट वापरायचे, आहेत का? पत्रात तू त्याविषयी चूप आहेस, म्हणून शंका आली. अर्ध्या वाटेत अडकणाऱ्या लॅपटॉपांत क्रॅक आणि त्याबरोबर आलेला कचरा मी बऱ्याचदा पाहिलाय. व्हर्च्युअल डीजे घरी, कंट्रोलर न लावता, फुकट वापरता येतं, सुपारीला परवाना लागतो. एफएल एकदा घेतलं की पुढच्या आवृत्त्या आयुष्यभर मोफत मिळतात. तुझे उरलेले पैसे नव्या लॅपटॉपपेक्षा इथं घाल.

काकांशी वाद घालू नकोस. त्यांना सांग, पुढची सुपारी हळदीची असेल, गल्लीतली, तेव्हा फक्त २० मिनिटं मला द्या. रात्री १० ला बंद करायचंच असतं, तेव्हा तुझी २० मिनिटं नऊच्या आधी घे, म्हणजे काही झालंच तर निस्तरायला वेळ राहील. त्याआधी घराच्या पडवीत, जनरेटर लावून, दोन तास अखंड वाजवून बघ, मधे मुद्दाम एफएल बंद पाड आणि गाणं चालू राहतं का ते काकांच्या समोर दाखव. राहीलच, कारण आता दोघं एकमेकांवर अवलंबून नाहीत. त्या विसर्जनाला एफएल अडकलं आणि गाणं घेऊन बुडालं, कारण तू त्याला गाण्याच्या वाटेत बसवलं होतंस. तरी अख्खा लॅपटॉपच अडकला तर? म्हणून एका मोबाइलमध्ये तासाभराचं तयार मिश्रण ठेव, तो दुसऱ्या केबलनं मिक्सरच्या उरलेल्या चॅनलला जोडलेला असू दे, फेडर (त्या चॅनलच्या आवाजाची सरकपट्टी) खाली.

आणि हळदीच्या दिवशी मिक्सर तुझ्या बाजूला घेऊ नकोस. जिथं नेहमी असतो तिथंच ठेव, काकांच्या हाताशी. हलगीच्या चॅनलवर पांढरी पट्टी चिकटव, त्यावर ठळक ‘हलगी’ लिही, आणि तो फेडर वर कधी न्यायचा ते त्यांनाच ठरवू दे.